कायदा, पक्ष आणि विवेक : पोलंडचे एक उदाहरण

गर्भपाताचा कायदा बदलल्यास त्याची किंमत कोणास द्यावी लागते, हा प्रश्न केवळ राजकारणी लोकांचा नव्हे. तो मंडळीचाही आहे. या दृष्टीने पोलंडचा अनुभव आपण पाहू.

तेथे १९९३ च्या कायद्याने तीनच कारणांसाठी गर्भपातास मुभा होती : मातेच्या जीवितास वा आरोग्यास धोका, गुन्ह्यातून झालेली गर्भधारणा आणि गर्भातील गंभीर व्यंग. २०१६ साली जवळजवळ संपूर्ण बंदी घालणारे विधेयक संसदेपुढे आले. काळी वस्त्रे परिधान केलेल्या स्त्रिया रस्त्यावर उतरताच सत्ताधारी 'कायदा व न्याय' पक्षाने माघार घेतली. पुढे हाच प्रश्न न्यायाच्या दाराने परत आला. ११९ खासदारांच्या अर्जावरून संविधान न्यायाधिकरणाने २२ ऑक्टोबर २०२० रोजी व्यंगाचे कारण घटनाबाह्य ठरविले. २०१९ मध्ये नोंदलेल्या सुमारे ११०० कायदेशीर गर्भपातांपैकी बहुतेक सर्व याच कारणाने झाले होते. शब्दांत तीनांपैकी एक कारण गेले. व्यवहारात मार्गच बंद झाला.

निर्णय न्यायाधिकरणाचा असला, तरी त्यातील बहुतेक न्यायाधीश याच पक्षाच्या बहुमताने निवडले गेले होते. त्यामुळे लोकांनी जबाबदार धरले ते पक्षाला. महासाथीच्या दिवसांतही प्रचंड मोर्चे निघाले. काही ठिकाणी रविवारच्या उपासनेत व्यत्यय आला. पक्षनेते काचिन्स्की यांनी चर्चमंदिरांचे रक्षण करण्याची हाक दिली. तिने पक्ष व चर्च ही दोन नावे लोकांच्या मनात अधिकच घट्ट जोडली गेली.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत सुमारे ७४ टक्के मतदान झाले. २०१९ मध्ये ते सुमारे ६२ टक्के होते. पक्षाची मते ४३.६ टक्क्यांवरून ३५.४ वर आणि ४६० पैकी जागा २३५ वरून १९४ वर आल्या. तो सर्वांत मोठा पक्ष राहिला, पण सत्ता गेली. महागाई व इतर कारणेही होती, हे मान्य केले पाहिजे. सर्व भार एकाच प्रश्नावर टाकणे न्याय्य होणार नाही.

विजयी आघाडीलाही हा प्रश्न सोपा गेला नाही. गर्भपातास साहाय्य करणाऱ्यांची शिक्षा रद्द करू पाहणारे विधेयक १२ जुलै २०२४ रोजी २१५ विरुद्ध २१८ मतांनी फेटाळले गेले, कारण आघाडीतीलच ग्रामीण, परंपरानिष्ठ गटाने साथ दिली नाही. विरोधात असताना एकत्र राहणे सोपे. कायदा करताना मतभेद उघडे पडतात.

यातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. विवेकाच्या प्रश्नावर समाजाचे मन वळविण्याआधी कायदा वळविला, तर कायदा टिकला तरी पक्ष टिकत नाही. आणि मंडळीची शिकवण एका पक्षाच्या हाती सोपविली, तर त्या पक्षावरील रोष शिकवणीवरही येतो. जीवनाच्या पावित्र्याविषयी बोलण्याचे आपले कर्तव्य संपत नाही. पण व्यासपीठावरून उतरल्यावर, व्यंग असलेल्या बालकाच्या आईच्या दारी आपण जातो किंवा नाही, हे लोक पाहतात. पाळकाचे बोलणे तेथे खरे ठरते.