वेंट कुठून आले?

‘गो, वेंट, गॉन’ ही तीन रूपे शाळेत आपण एका दमात पाठ करतो. गो आणि गॉन यांचे नाते कानाला लगेच कळते. मधल्या वेंटचा मात्र त्यांच्याशी काहीच मेळ बसत नाही, कारण ते मुळात ‘गो’चे रूपच नाही. ते ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे आहे. वेंड आज जुनाट, पुस्तकी गणले जाते. त्याचा भूतकाळ मात्र इंग्रजी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘वेंडान’ असे होते आणि त्याचा अर्थ होता वळवणे. ‘विंडान’ म्हणजे वळणे, पीळ पडणे. त्याचे प्रयोजक रूप वेंडान. पडणे-पाडणे, चरणे-चारणे या जोड्यांत आपण आतला स्वर बदलून प्रयोजक क्रियापद मिळवतो, तशीच सोय तिथेही होती. सिट-सेट आणि फॉल-फेल (झाड पाडणे) या जोड्या त्याच सोयीच्या खुणा आहेत.

वळवणे म्हटले की बरेच काही वळवता येते. नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणायला घेतले, तेव्हा भाषांतर करण्यासाठी त्याने हेच क्रियापद वापरले. माणूस स्वतःला एखाद्या दिशेने वळवतो, म्हणजे तिकडे निघतो. ‘पावले घराकडे वळली’ असे आपण म्हणतो, त्यातही निघण्याचा अर्थ आहेच. याच वाटेने वेंडचा अर्थ ‘जाणे’ झाला. १४व्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत यात्रेकरू कँटरबरीला जातात असे सांगताना वेंडच योजले आहे.

आता वेंट. सेंडचे सेंट, बेंडचे बेंट, स्पेंडचे स्पेंट होते, त्याच नियमाने वेंडचे वेंट झाले. हे रूप अगदी सरळ, नियमात बसणारे आहे. अडचण ‘गो’च्या बाजूला होती. जुन्या इंग्रजीत ‘गान’ म्हणजे जाणे, पण त्याचा भूतकाळ ‘एओडे’ होता. दोघांत एकही ध्वनी जुळत नव्हता. पुढे एओडे झिजत झिजत ‘यीड’, ‘योड’ अशी वेगवेगळी रूपे घेत गेले. शेजारी त्याच अर्थाचे ठसठशीत वेंट तयार होतेच. लोक बोलताना तेच उचलू लागले आणि साधारण १५००च्या सुमारास ते ‘गो’चा नेहमीचा भूतकाळ होऊन बसले. जुने रूप इतके विसरले गेले, की १५९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेअरी क्वीन’ या काव्यात जुनी भाषा आवडणाऱ्या स्पेन्सरने यीड चक्क वर्तमानकाळासारखे वापरले. स्कॉटलंडमध्ये मात्र नियमाचा ‘गेड’ हा भूतकाळ रुळला. रॉबर्ट बर्न्सच्या कवितांत तो भेटतो. दक्षिणेत तसे झाले असते, तर आपण शाळेत वेंट घोकलेच नसते.

वेंट असे हातचे गेल्यावर वेंडला नवा भूतकाळ लागला. त्याने ‘वेंडेड’ घेतला. आता हे क्रियापद जवळजवळ नेहमी ‘वे’ म्हणजे वाट या शब्दाबरोबरच येते: वाट काढत, वळणे घेत, सावकाश जाणे. तातडीने दवाखाना गाठणाऱ्या माणसासाठी कोणी ते वापरणार नाही. जर्मनमध्ये मात्र ‘वेंडन’ म्हणजे वळवणे अजून रोजच्या वापरात आहे. १९८९मध्ये पूर्व जर्मनीत झालेल्या राजकीय बदलाला तिथे ‘वेंडे’, म्हणजे वळण, म्हणतात.

दोन धातूंची अशी सांगड पाहायला मराठी माणसाला इंग्लंडपर्यंत जायला नको. आपण ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेलो’ म्हणतो. ‘जा’ हा संस्कृत ‘या’ धातूपासून आला. यात्रेची जत्रा आणि योग्याचा जोगी झाला, तसाच इथेही ‘य’चा ‘ज’ झाला. ‘गेला’ मात्र गम् धातूच्या ‘गत’ या रूपापासून, प्राकृतातला ‘इल्ल’ प्रत्यय लागून बनला. फ्रेंचमध्येही जाण्याच्या क्रियापदाची रूपे एकाहून अधिक मुळांतून आली आहेत. इतक्या वरचेवर लागणाऱ्या क्रियापदाची रूपे लहान मूल सुरुवातीला कधी नियम लावून बनवते, पण बरोबर रूप सतत कानावर पडत असल्याने शेवटी तेच उचलते. म्हणून ‘जाला’ असा नियमातला भूतकाळ आपल्या बोलण्यात कधी रुजला नाही, आणि इंग्रजीतही ‘गोड’ रुजले नाही.