ऐकणारी माणसं घडवणारी ‘संगाथ’

गोव्यातल्या 16 ते 24 वयोगटातल्या 3,662 तरुण-तरुणींशी बोलून ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 3.9 टक्के जणांमध्ये आधीच्या तीन महिन्यांत आत्मघाताकडे झुकणारं वर्तन आढळलं. घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचार ही कारणं अपेक्षितच होती. पण शाळा-कॉलेजात नसणं हाही त्या यादीतला एक स्वतंत्र धोका निघाला.

ही नोंद अस्वस्थ करणारी आहे. वर्गातला मुलगा गप्प गप्प राहू लागला, तर निदान एखाद्या बाईंच्या ते लक्षात येतं. दहावीत सुटलेल्या, जेट्टीवर किंवा गॅरेजात कामाला लागलेल्या मुलाकडे कोण बघणार? त्याची गाठ पडते ती वस्तीवर येणाऱ्या कार्यकर्तीशी, शिवणवर्गाच्या ताईंशी, मैदानावरच्या प्रशिक्षकाशी. मानसशास्त्राची पदवी यांच्यापैकी जवळपास कुणाकडेच नसते. मानसोपचारतज्ज्ञ आणावेत, तर आपल्या देशात ते लाख लोकांमागे एकही भरत नाहीत.

मग याच माणसांना शिकवावं, हा ‘संगाथ’चा मार्ग. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ही संस्था सुरू केली. ‘युवा मित्र’ या उपक्रमात संस्थेने शिक्षकांना प्रशिक्षण दिलंच, शिवाय वस्त्यांमधल्या तरुणांनाही तयार केलं, म्हणजे शाळेबाहेरच्या मुलांशी त्यांच्याच वयाचं कुणीतरी बोलेल.

शिकवण्याची खरी कसोटी लागली ती नैराश्यावरच्या समुपदेशनात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसिक आरोग्याचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा एक कार्यक्रम राबवला. निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ते न मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. हे रुग्ण 18 ते 65 वयाचे होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे किशोरांना लावता येणार नाहीत. प्रशिक्षणाची रीत मात्र नक्की उचलण्यासारखी आहे.

या उपचाराचा गाभा साधा आहे. मन खचलं की माणूस आवडीच्या गोष्टी सोडतो, आणि त्या सुटल्या की आणखी खचतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं. समजा, एखादा मुलगा सांगतो, “ताई, काहीच करावंसं वाटत नाही.” नवख्या कार्यकर्तीच्या तोंडून पटकन निघतं, “अरे, काळजी करू नकोस, होईल सगळं नीट.” मुलगा मान डोलावतो आणि संवाद तिथेच आटपतो. शिकलेली ताई विचारते, “आधी संध्याकाळी काय करायचास?” फुटबॉल, असं उत्तर आलं, तर उद्या पाच वाजता नुसतं मैदानावर जाऊन उभं राहायचं ठरतं. खेळायची सक्ती नाही. पुढच्या भेटीत ती आठवणीने विचारते, गेला होतास का? नसेल गेला, तर काय आडवं आलं?

आत्महत्येचा प्रश्न थेट विचारायलाही शिकावं लागतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे, आणि ती घालवायला सराव लागतो.

म्हणूनच नुसत्या वर्गावर भागत नाही. आधी कार्यशाळा, मग देखरेखीखाली काम आणि भूमिका वठवून घेतलेली परीक्षा, असा क्रम आहे. त्यापुढची गोष्ट सर्वांत मोलाची: समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकतात आणि ठरलेल्या निकषांवर गुण देतात. अर्थात, ध्वनिमुद्रणाला समोरच्याची संमती असावीच लागते. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, असंही ‘संगाथ’च्या अभ्यासात दिसलं. चूक कुठे झाली ते आपल्यासारख्याच कुणीतरी, त्याच आठवड्यात दाखवलं, तर ती सुधारते. शिवाय दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकणाऱ्या माणसालाही कुणीतरी ऐकणारं मिळतं.

शाळाबाह्य मुलांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या अनेक संस्था दोन दिवसांचं शिबिर घेतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि विषय मिटवतात. त्यांनी अंदाजपत्रकात आठवड्याच्या या बैठकीसाठी वेळ आणि पैसा राखून ठेवावा. आणि आपल्या आवाक्याबाहेरचं मूल समोर आलं, तर सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याच्या फोनमध्ये आजच असायला हवा.