जुन्नर-आंबेगावातील सुतारकाम : हत्यार, पायताण आणि उमेदवारी

नाणेघाट आणि भीमाशंकरच्या डोंगरमाथ्यापासून पूर्वेकडे नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यापर्यंत पसरलेल्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत सुतारकामाचे स्वरूप पाऊसमानाबरोबर बदलत आले आहे. पश्चिमेच्या भातखाचरांच्या भागात लाकडी मेढी, कारवीचे कूड आणि उतरते छप्पर यांची घरे उभारणे हे मुख्य काम होते, तर कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत जमीन जसजशी सपाट होत जाते तसतसे नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाडी यांचे काम वाढत जाई. ही औते आता बहुतांशी गेली आहेत. सुतार मात्र टिकून आहे, कारण त्याने आपले गिऱ्हाईक बदलले. गिऱ्हाइकाबरोबर हत्यारही बदलले, परंतु हत्यार चालवण्यापूर्वी उमेदवाराला, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या मुलाला, जे अंगी बाणवावे लागते ते फारसे बदललेले नाही.

या परिसरात लाकूडकामाची परंपरा किती जुनी आहे, याची साक्ष दगडच देतो. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाच्या कमानदार छतावर लाकडी फासळ्यांची नक्कल कातळात कोरलेली आहे. ज्या कारागिरांनी ती कोरली त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारतीच होत्या, हे उघड आहे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींचा, म्हणजे व्यवसायसंघांचा, उल्लेख येतो, आणि याच पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने ते दार केल्याची नोंद कोरलेली आहे.

पुढील काळातील गावगाड्यात सुताराचे स्थान पक्के होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे सविस्तर वर्णन आहे, त्यावरून शेती ज्यांच्यावाचून अडते अशा कारागिरांत सुताराची गणना होत असे, हे दिसते. औतांच्या दुरुस्तीसाठी त्याला दरवेळी रोख मोबदला मिळत नसे. सुगीला खळ्यावर ठरलेले धान्य, म्हणजे बलुते, मिळे. या व्यवस्थेत जातीची उतरंड आणि परावलंबन होते, हे विसरता येत नाही. परंतु काम बांधलेले असल्यामुळे घरातील मुलाला वर्षानुवर्षे हाताखाली ठेवणे परवडत असे, हीही तिची एक बाजू होती.

या कामाची हत्यारे मोजकीच असत. ओबडधोबड ओंडक्याला आकार देण्यासाठी वाकस, म्हणजे दांड्याला आडवे पाते असलेले तासण्याचे हत्यार, वापरले जाई. चिरण्यासाठी करवत, भोके कोरण्यासाठी अरुंद पात्याचे किंकरे, कडा साफ करण्यासाठी रुंद पात्याची पटाशी, छिद्र पाडण्यासाठी सामता किंवा गिरमिट, पृष्ठभाग सपाट करण्यासाठी रंधा आणि काटकोन तपासण्यासाठी गुण्या एवढ्या सरंजामात नांगरापासून वाड्याच्या तुळईपर्यंत सर्व काही होत असे. रंध्याचे पाते लाकडी ठोकळ्यात पाचरीने आवळलेले असते. पाचर सैल करून पाते केसभर पुढे-मागे करणे एवढ्यावरच ढलपी जाड निघणार की कागदासारखी पातळ, हे ठरते.

या कसबाची खरी परीक्षा बैलगाडीच्या चाकात होई. मध्यभागी तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांना जोडलेले परिघाचे वक्र तुकडे, म्हणजे पुठे, अशी चाकाची रचना असते. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात शिरणारा निमुळता भाग, काढावा लागतो. तो सैल राहिला तर चाक खुळखुळते आणि फार घट्ट झाला तर पुठा फाटतो. शेवटी लोहाराने भट्टीत लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून लगेच पाणी ओतले की धाव आकसते आणि सर्व सांधे एकमेकांत आवळले जातात. या कामी चिवट व टणक बाभूळ पसंत केली जाई. ती पुरेशी मुरलेली नसली, तर लाकूड पुढे वाळून आकसते आणि धाव निसटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हापासून सुताराच्या हातून औते जाण्यास आरंभ झाला. पुढे ट्रॅक्टर आला, गाडीला रबरी टायर आले आणि धरणांच्या पाण्यावर ऊस व भाजीपाल्याची शेती वाढली, तशी लाकडी औताची गरज संपत गेली. बैलगाडा शर्यतींनी मात्र एक धागा टिकवून धरला. या भागातील शर्यतीचा गाडा मालवाहू गाडीपेक्षा कितीतरी हलका असतो. जत्रांचा हंगाम हा त्याचा काळ. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तसा या कामाचाही चढउतार झाला. तरीही आज सुताराची रोजची कमाई दारे, चौकटी, प्लायवूडची कपाटे आणि स्वयंपाकघरातील ट्रॉल्या यांवरच अवलंबून आहे.

हत्यारांच्या चर्चेत पायांचा विचार सहसा होत नाही, परंतु पारंपरिक सुताराचे पाय हेच त्याचे पहिले शिकंजे होते. जमिनीवर बसून तो लाकूड तळव्याखाली आणि अंगठ्याने दाबून धरी व वाकस स्वतःच्या दिशेने चालवी. म्हणून पाय कुठे ठेवावा हा उमेदवाराचा पहिला धडा असे. अनवाणी पायाला लाकडाची हालचाल कळते, हा लाभ खरा असला, तरी आजच्या कामातील धोके वेगळे आहेत. १८ मिलिमीटर जाडीचा आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवूड सुमारे ३० ते ३५ किलो भरतो, आणि सांगाड्यातून निघालेले खिळे पातळ चपलेतून सहज आत शिरतात. भारतीय मानक १५२९८ नुसार सुरक्षा बुटाच्या चवड्यावरील टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण वीस किलोचे वजन एक मीटरवरून पडल्यास बोटे वाचावीत, अशी अपेक्षा असते. मात्र बूट चढवले की लाकूड पायाने धरता येत नाही. त्यासाठी कमरेइतके उंच बाक आणि लोखंडी शिकंजा लागतो. बुटाचा आग्रह धरणे म्हणजे कामाची बैठकच बदलणे होय, आणि बाकाची सोय न करता बुटाची सक्ती केली, तर बूट दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पडतात.

उमेदवाराला द्यावयाच्या सल्ल्यात धार लावणे सर्वांत आधी येते. पटाशीचा उतार साधारण २५ अंशांचा ठेवून दगडावर घासावा, काठावर आलेली धातूची लव पाठ सपाट टेकवून काढावी, आणि बोथट पटाशी अधिक जोर मागते म्हणूनच ती अधिक घसरते, हे ध्यानात ठेवावे. पात्याच्या वाटेत दुसरा हात कधीही येऊ देऊ नये. मापाच्या बाबतीत दोन भाषा येणे आवश्यक आहे : जुना कारागीर इंचाचे आठ भाग करून एका भागाला सूत म्हणतो, तर प्लायवूड मिलिमीटरमध्ये विकला जातो, सहा सूत म्हणजे १९ मिलिमीटर, हे हिशेबाशिवाय सुचले पाहिजे. करवत रेघेवरून न चालवता रेघ राखून टाकाऊ बाजूने चालवावी, आणि रंधा मारण्यापूर्वी लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने वर येतात हे पाहावे, कारण उलट दिशेने रंधा मारल्यास लाकूड उचकटते. विजेच्या यंत्राने वेग वाढतो. पण रेघ चुकली असेल तर तीही तितक्याच वेगाने कापली जाते.

हे शिक्षण द्यावे कोणी, हा आजचा मुख्य प्रश्न आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा मुख्यतः आस्थापनांच्या मापाने बेतलेला असल्याने एका-दोघांच्या गावठाणी कारखान्याला तो लागू पडत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये सुतारकाम आहे. तिच्यात पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. हत्यारे घेण्यास ही रक्कम उपयोगी आहे, पण आठवड्याभरात धार लावणाराही हात तयार होत नाही. पूर्वी उमेदवाराच्या पोटाची सोय खळ्यावरच्या धान्यातून होई. आता शिकवणाऱ्या कारागिराने कामाचा वेळ घालवून ती खिशातून करावी, अशी अपेक्षा ठेवली जाते. हत्याराइतकेच साहाय्य त्या वेळेला, बाकाला आणि बुटाला मिळाले, तरच जुन्नर-आंबेगावातील सुतारकामाला पुढची पिढी मिळेल.