सिनेमातला सुपरहीरो खेळात का अडखळतो?

चित्रपटातला सुपरहीरो या गच्चीवरून त्या गच्चीवर लीलया झेप घेतो. पण त्याच चित्रपटावरचा व्हिडिओ गेम खेळायला बसावे, तर हाच वीर कधी भिंतीत अडकतो, कधी हवेतच चालू लागतो! असे का व्हावे?

चित्रपटात दर सेकंदाला 24 चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. संगणकाने काढलेल्या एकेका चित्राला काही तास लागले तरी बिघडत नाही. ते एकदा तयार झाले की झाले. खेळात तसे नसते. तुम्ही कोणते बटण दाबणार, हे संगणकाला आधी ठाऊक नसते. बटण दाबताच नायक कोठे जाईल, कशावर आपटेल, याचे गणित करून त्याला नवे चित्र काढावे लागते. सेकंदाला 60 चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी मिळतो सेकंदाचा जेमतेम साठावा भाग! म्हणूनच खेळ पुन्हा पुन्हा खेळून पाहावा लागतो आणि चुका शोधून आज्ञावली दुरुस्त करावी लागते.

तारखेचा जाच

या कामाला वेळ हवा आणि नेमका तोच नसतो. कारण चित्रपट झळकण्याची तारीख ठरलेली असते. 1982 साली अमेरिकेत ‘ई.टी.’ हा चित्रपट गाजला. अटारी कंपनीला त्यावरचा खेळ नाताळच्या विक्रीसाठी हवा होता. तो तयार करायला हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना अवघे पाच आठवडे मिळाले. खेळणारे सारखे खड्ड्यांत पडून वैतागले. न खपलेल्या कॅसेटी 1983 साली न्यू मेक्सिकोत कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या गेल्या. 2014 साली त्यांतल्या काही उकरून काढण्यात आल्या! आपल्याकडेही ‘रा.वन’ (2011) आणि ‘क्रिश 3’ (2013) या सुपरहीरोंचे खेळ चित्रपटाच्या सुमारासच बाजारात आले.

रस्ता आणि आज्ञावली

मग माणसे वाढवून काम लवकर का उरकू नये? आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घ्या. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीची एक डांबरी मार्गिका 105 तास 33 मिनिटांत तयार झाली. 720 माणसे त्यासाठी रात्रंदिवस राबली. गिनीज बुकात या विक्रमाची नोंद झाली.

रस्त्याचे काम वाटून घेता येते, त्याला पाळ्या लावता येतात. आज्ञावलीचे भाग मात्र एकमेकांत गुंतलेले असतात. झेपेचे गणित बदलले, की टक्कर, कॅमेरा, शत्रूंची चाल, सारेच तपासावे लागते. त्यासाठी प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायला हवे. 10 माणसांच्या 45 जोड्या होतात, 20 माणसांच्या 190! माणसे दुप्पट, पण बोलणी चौपटीहून अधिक. रखडलेल्या आज्ञावलीवर आणखी माणसे नेमली, तर ती अधिकच रखडते, असे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली लिहून ठेवले आहे.

म्हणजे चित्रपटावरचा खेळ वाईटच होणार का? तसे नाही. ‘स्पायडरमॅन 2’ हा खेळ 2004 साली चित्रपटाबरोबरच आला, तरी तो नावाजला गेला. त्याच कंपनीने 2002 साली केलेल्या खेळात नायकाचे जाळे जणू आकाशालाच चिकटे. पुढच्या खेळात ते खऱ्याखुऱ्या इमारतींना चिकटू लागले आणि नायक लंबकासारखा झोके घेऊ लागला. आधीचा अनुभव आणि एका गोष्टीवर घेतलेली मेहनत फळाला आली. ‘बॅटमॅन: अर्खम असायलम’ (2009) हा खेळ तर कोणत्याच चित्रपटाला बांधलेला नव्हता. त्याचीही वाहवा झाली.

करून पाहा

दोऱ्याला लहानसा दगड बांधून लंबक करा. टांगण्याच्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंतची लांबी 25 सेंटिमीटर ठेवा. लंबकाला हलकेच झोका द्या आणि 10 पूर्ण आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. तो सुमारे 10 सेकंद भरेल. आता लांबी चौपट, म्हणजे 1 मीटर करा. वेळ चौपट नव्हे, दुप्पट होईल! शिक्षकांच्या मदतीने याचे कारण शोधा.

मग एखाद्या खेळातला नायक झोके घेताना दिसला, की दोरीकडे नजर ठेवा. लांब दोरीचा झोका सावकाश आणि आखूड दोरीचा झटपट होतो का? होत असेल, तर हा खेळ करणाऱ्याने घाई केली नाही असे खुशाल समजा!