नव्या घराच्या भिंतींवर कागद लावताय?

नव्या ब्लॉकच्या किल्ल्या हातात आल्या की घरातली मंडळी दोन गोष्टींच्या मागे लागतात: वास्तुशांतीची तारीख आणि भिंतींचा रंग. तारीख गुरुजी काढून देतात, रंगाचं मात्र तुम्हालाच बघावं लागतं. त्यात हल्ली दुकानात गेलं की रंगवता येणारा वॉलपेपर दाखवतात. पांढराशुभ्र, अंगावर उठावाची नक्षी असलेला कागद भिंतीवर चिकटवायचा आणि वर आपल्याला हवा तो रंग द्यायचा. चार वर्षांनी त्या रंगाचा कंटाळा आला तर कागद न काढता नुसते नव्या रंगाचे दोन हात द्यायचे. कल्पना चांगलीच आहे. पण मैत्रिणींनो, नव्या बांधलेल्या घरात कोणता कागद लावायचा याच्या आधी तो केव्हा लावायचा, हे ठरवायला हवं. दुकानदार ते विचारत नाही. त्याला गुंडाळ्या विकायच्या असतात.

नवी भिंत हाताला कोरडी लागते, पण तिच्या पोटात पाणी असतं. विटा भिजवून लावलेल्या असतात, चुरीत पाणी असतं, सिमेंटच्या गिलाव्यावर तर निदान सात दिवस पाणी मारावंच लागतं. हे सगळं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. गिलाव्याच्या जाडीला इंचामागे एक महिना, असा जुना ढोबळ हिशोब आहे, आणि पावसाळा मधे आला तर तोही पुरत नाही. पाणी बाहेर येताना सिमेंटमधले क्षार बरोबर आणतं. भिंतीवर जी पांढरी भुकटी फुलते, तिलाच आपण लोणा म्हणतो. उघड्या भिंतीवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडता येतो. पण त्याआधीच वर कागद चिकटवून रंग दिला, तर पाण्याची वाट अडते, खळ सुटते, सांधे उकलतात आणि कागदामागे काळी बुरशी धरते. घरात कुणाला दम्याची तक्रार असेल तर ती बुरशी फार महागात पडते.

हल्ली बऱ्याच इमारतींत आतून जिप्समचा गिलावा करतात. त्याला पाणी मारावं लागत नाही आणि तो लवकर वाळतो, हे खरं. पण ओल बाहेरच्या बाजूने आली तर त्याचा काही उपयोग नाही, उलट जिप्सम ओलीने भुसभुशीत होतं.

“वहिनी, ओलबिल काही नाही, मी आहे ना!” असं रंगारी म्हणेल. त्याच्यावर राग धरू नका, पण परीक्षा घरच्या घरी करा. दीड-दोन फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का बसवा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. आतल्या बाजूला दव धरलं किंवा तिथली भिंत काळपट पडली, तर भिंत अजून ओली आहे. ही परीक्षा एकाच ठिकाणी करून भागत नाही. खिडकीखाली, न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीवर आणि बाहेरच्या भिंतीच्या खालच्या अंगाला, अशी तीन ठिकाणी तरी करा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिला पावसाळा जाऊ द्या. वास्तुशांतीला साधा पांढरा रंग पुरतो, पाहुणे भिंती बघायला येत नाहीत. एका पावसाळ्यात घर आपली सगळी दुखणी दाखवतं: कुठे पाणी झिरपतं, कुठे खांब आणि भिंतीच्या सांध्यात चीर पडते. केसाएवढ्या चिरा कागदाखाली छान झाकतात. पण वाढणारी चीर कागदालाही फाडते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघा.

यात पैशांचाही मोठा प्रश्न आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे, म्हणजे ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर तो बिल्डरला स्वखर्चाने आणि तीस दिवसांत दुरुस्त करून द्यावा लागतो. ओल दिसली की तारखेसह फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा. नुसता फोन पुरत नाही. तीच ओल नक्षीदार कागदाखाली झाकलीत, तर तुमचा पुरावाच तुम्ही स्वतःच्या पैशाने झाकला! “चार पाहुणे यायचेत, तेवढं झाकून टाकू,” असं घरात कुणी म्हणालं तर हे जरूर ऐकवा.

भिंती कोरड्या निघाल्या की मग हौस. हे कागद काही आजचे नाहीत. लाकडाचा भुसा मिसळलेला खरखरीत कागद जर्मनीतल्या एर्फुर्ट घराण्याने १८६४ मध्ये काढला. इंग्लंडमध्ये लिनोलियम काढणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टननेच १८७७ मध्ये ‘लिंक्रस्टा’ हे उठावदार आच्छादन आणलं. पुढे १८८७ मध्ये ‘अ‍ॅनाग्लिप्टा’ हा हलका, कागदाच्या लगद्याचा प्रकार आला. भुशाचा कागद भिंतीचा खडबडीतपणा चांगला झाकतो, पण काढताना जीव काढतो, आणि त्याच्यावर धूळही बसते. फेसाळ व्हिनाइलची नक्षी दिसते छान, पण ती मऊ असते. मुलं खुर्च्या ढकलत खेळतात त्या भिंतीवर ती टिकायची नाही. मला विचाराल तर ‘नॉन-वोव्हन’ पाठ असलेला कागद मागा. तो ओला झाला तरी रुंदावत नाही, म्हणून खळ कागदाला न लावता सरळ भिंतीला लावता येते. साध्या कागदाला खळ लावून, घडी घालून, काही मिनिटं मुरू द्यावं लागतं, आणि प्रत्येक पट्ट्याला सारखाच वेळ द्यावा लागतो. नाहीतर फुगे येतात.

सगळं घर मढवू नका. बैठकीच्या खोलीतली एक आतली भिंत पुष्कळ झाली. न्हाणीघराला लागून असलेली, गच्चीखालची, आणि कोकणात राहत असाल तर पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंत सोडा.

हिशोब सोपा आहे. नेहमीची गुंडाळी ५३ सेंटिमीटर, म्हणजे २१ इंच रुंद आणि १० मीटर लांब असते. नऊवारीपेक्षा दोन वार जास्त म्हणा ना! भिंत १२ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असेल तर सात पट्टे लागतील. वरखाली कापायला धरून पट्टा दहा फुटांचा, म्हणजे एका गुंडाळीत तीन पट्टे. सातांसाठी तीन गुंडाळ्या घ्या. नक्षी जुळवायची असेल तर पट्टा थोडा लांब कापावा लागतो, तेव्हा दुकानातच विचारून घ्या.

भिंतीवर आधी लांबी भरून, घासून, प्रायमर द्या. मैद्याची घरगुती खळ नको. कसर आणि झुरळांना ती मेजवानीच होते. बुरशी न धरणारी तयार खळ आणा. पहिला पट्टा खिडकीकडून सुरू करा आणि तो ओळंब्याने सरळ बघा, कारण नव्या घराचे कोपरेसुद्धा सरळ नसतात. सांध्याला कड कडेला भिडवा, एकावर एक चढवू नका. रंग दिल्यावर चढलेली कड लपत नाही. कोपऱ्यात अख्खा पट्टा वळवू नका. अर्धा इंच वळवून कापा आणि पुढची भिंत पुन्हा ओळंब्याने सुरू करा. विजेच्या बोर्डापाशी मेन स्विच बंद केल्याशिवाय ओला हात नेऊ नका. एअरकंडिशनर, टीव्ही, फोटो यांची भोकं आधीच पाडून घ्या.

रंगाला निदान एक दिवस थांबा. पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनचे दोन हात पुरतात, पहिला हात थोडा पातळ ठेवा. चकचकीत रंगात सांधे उठून दिसतात, म्हणून मॅट घ्या. ओल्या रंगाने बारीक फुगे आले तर टोचू नका, बहुतेक वाळताना बसतात. दर वेळी रंग दिला की नक्षी थोडी बुजते, म्हणून जाड थर नकोत.

उरलेला कागदाचा तुकडा टाकून देऊ नका. त्याच्या पाठीवर रंगाचा नंबर, कंपनी आणि तारीख लिहा आणि कपाटात सरळ उभा ठेवा. कुठे ओरखडा पडला तर त्यातलाच तुकडा उपयोगी पडेल.