बेझिए वक्रातला ‘टी’ आणि टेनिसचा चेंडू

कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये संशोधन करायचं ठरवलं की बेझिए वक्राचा प्रोग्राम तुम्ही कधीतरी लिहिताच. वीस-पंचवीस ओळींत काम होतं, स्क्रीनवर गुळगुळीत रेघ उमटते आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलं, “तुमच्या प्रोग्राममधला टी म्हणजे नेमकं काय?”, तर बरेच जण “शून्य ते एक” म्हणून थांबतात. ती झाली टीची हद्द. त्याचा अर्थ काय?

उदाहरण टेनिसचं घेतो. लॅबमधून सुटलो की संध्याकाळी मी कोर्टवरच असतो, आणि चेंडूच्या वाटेइतका सोयीचा वक्र मला दुसरा माहीत नाही.

समजा, तुम्ही बेसलाइनवरून, जमिनीपासून १ मीटर उंचीवर चेंडू मारलात. आडवा वेग सेकंदाला २० मीटर, वरच्या दिशेने ४ मीटर. गुरुत्वीय त्वरण हिशेबापुरतं १० धरा आणि हवेला तूर्तास विसरा. बरोबर १ सेकंदाने चेंडू २० मीटरवर टप्पा खातो. कोर्ट २३.७७ मीटर लांब, म्हणजे शॉट आत. नेटवरून जाताना त्याची उंची साधारण १.६ मीटर असते आणि नेट मध्यभागी ०.९१४ मीटर, त्यामुळे तिथेही अडचण नाही.

ही वाट म्हणजे शाळेतलं अन्वस्त, आपला पॅराबोला. त्याचा कुठलाही तुकडा दुसऱ्या घाताच्या बेझिए वक्राने हुबेहूब मांडता येतो, अंदाजे नव्हे. कंट्रोल पॉइंट तीन लागतात. सुरुवात (०, १), शेवट (२०, ०). आणि मधला? गुरुत्वाकर्षण नसतं तर चेंडू अर्ध्या वेळात जिथे पोचला असता ती जागा, (१०, ३). चेंडू स्वतः १.८ मीटरच्या वर जात नाही. मधला पॉइंट वक्रावर नसतोच, तो वक्राला नुसता आपल्याकडे ओढतो.

आता टी अर्धा ठेवून द कास्तेल्जोची रीत चालवा. पहिल्या दोन पॉइंटांचा मध्य (५, २), पुढच्या दोघांचा (१५, १.५), आणि या दोन मध्यांचा मध्य (१०, १.७५). भौतिकशास्त्राच्या सूत्रात अर्धा सेकंद घाला: १ + २ − १.२५, म्हणजे १.७५ च. इथे टी म्हणजे चक्क वेळ आहे.

(जाता जाता: पॉल द कास्तेल्जोने ही रीत १९५९ मध्ये सित्रोएन या मोटार कंपनीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनोमधल्या पिएर बेझिएने स्वतंत्रपणे केलेलं काम प्रसिद्ध झालं, म्हणून वक्राला नाव त्याचं. पेपर लिहायचा कंटाळा येतो तेव्हा मला हे हटकून आठवतं.)

खऱ्या चेंडूला मात्र हवा अडवते, टॉपस्पिन त्याला खाली दाबतो आणि वाट अन्वस्त उरत नाही. मग आपण कॅमेऱ्याने ठरावीक अंतराने फ्रेम घेतो आणि मिळालेल्या बिंदूंवर तिसऱ्या घाताचा वक्र बसवतो. खरी मेख इथे आहे. बसवताना प्रत्येक बिंदूला टीची एक किंमत द्यावी लागते. बऱ्याच पुस्तकांत सुचवलेला उपाय म्हणजे लागोपाठच्या बिंदूंमधल्या सरळ अंतराच्या प्रमाणात टी वाटणं. आकार छान बसतो. पण असं करताना चेंडू सगळीकडे जवळपास एकाच वेगाने गेला, असं तुम्ही न बोलता मान्य केलेलं असतं. हवेमुळे मंदावलेला वेग हिशेबातून गायब! आणि पुढे याच वक्राचं विकलन करून तुम्ही “वेग” काढलात, तर ग्राफ देखणा येईल, आकडा खोटा असेल. परीक्षक वक्राच्या आकाराकडे बघून मान डोलावतील, म्हणून ही गोष्ट सहज निसटते. वेग हवा असेल तर टी फ्रेमच्या वेळेप्रमाणेच वाटा. टप्प्यापाशी वक्र तोडून नवा सुरू करा, तिथे दिशा एकदम बदलते.

कधी गरज नेमकी उलट असते. तुटक रेघ काढायची किंवा व्हर्च्युअल कॅमेरा एकसारख्या वेगाने फिरवायचा, तर अंतर हवं. तिसऱ्या घाताच्या वक्राच्या लांबीचं साधं सूत्र सहसा मिळत नाही. बारीक तुकडे करून लांबीची बेरीज एका तक्त्यात साठवायची आणि हव्या त्या अंतराला कुठला टी लागतो ते त्यात शोधायचं. दिसायला गावठी, पण सर्रास वापरतात.

स्वतः करून बघायचं असेल तर टीच्या समान पायऱ्यांवर ठिपके काढा. वरच्या शॉटमध्ये दहा पायऱ्या घेतल्या तर पहिल्या दोन ठिपक्यांत २.०३ मीटर आणि शेवटच्या दोनांत २.०७ मीटर अंतर येतं. डोळ्यांना फरक कळणारही नाही. म्हणून लॉब मारा: तीच १ मीटर उंची, आडवा वेग ८, वरचा १२. चेंडू सुमारे २.४८ सेकंद हवेत राहतो, मधला कंट्रोल पॉइंट जवळजवळ १६ मीटर उंच जातो, आणि माथ्याशी ठिपक्यांची दाटी होते. टोकांना ते जवळपास दुप्पट अंतरावर पडतात.