समासातलं प्रश्नचिन्ह

जिवती तालुक्याच्या डोंगरात १४ गावं अशी आहेत की तिथल्या कित्येकांकडे मतदार ओळखपत्रंही दोन नि रेशनकार्डंही दोन. गावांवर महाराष्ट्राचा दावा, तसा तेलंगणाचाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून आयती जागा कुठली? समजा, विहिरीत प्रेत सापडलं. पंचनामा करायचा कुणी? आणि मराठीत की तेलुगूत?

असला घोळ लेखकाला सुचतो. तो निस्तरायला लावतो संपादक, समासात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढून. पहिलं पुस्तक वर्षानुवर्षं उशाशी घेऊन लिहिलेलं असतं, दुसऱ्याची तारीख आधीच ठरते. त्यामुळे दुसऱ्याला ही पेन्सिल जास्त लागते.

कॉनन डॉयलचंच बघा. 'अ स्टडी इन स्कार्लेट' या शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीचे हक्क त्यानं २५ पौंडांत देऊन टाकले होते. पुढे ३० ऑगस्ट १८८९ला 'लिपिंकॉट्स' या अमेरिकन मासिकाचे संपादक जोसेफ स्टॉडर्ट यांनी त्याला लंडनच्या लँगहॅम हॉटेलात जेवायला बोलावलं. पंगतीला ऑस्कर वाइल्डही होता. त्या एका जेवणातून वाइल्डची 'डोरियन ग्रे' निघाली आणि होम्सची दुसरी कादंबरी, 'द साइन ऑफ फोर'. फेब्रुवारी १८९०मध्ये ती छापूनही आली.

घाई लपलेली नाही. पहिल्या पुस्तकात वॉटसनच्या खांद्याला लागलेली गोळी दुसऱ्यात पायाला लागली. पत्रावर टपालाचा शिक्का ७ जुलैचा, संध्याकाळ मात्र सप्टेंबरची! आग्र्याच्या किल्ल्यावरच्या शीख पहारेकऱ्यांची नावं तर महोमेत सिंग आणि अब्दुल्ला खान. भालबा केळकरांच्या मराठीतून होम्सला भेटलेला शाळकरी पोरगाही इथे अडखळला असता. स्टॉडर्टनी लेखक अचूक हेरला, पण पेन्सिल कुणी चालवलीच नाही.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय अशी फौजच उभी केली. त्या वेगात दुसऱ्या पुस्तकाचं दडपण यायला उसंत कुठली! पण श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक साहित्यिक लेखकांच्या ओळीओळीवर बसत, तसं कुणी रहस्यकथेसाठी क्वचितच बसलं. खरं तर गरज तिलाच अधिक, कारण तिच्यात एक तारीख चुकली की खुनी सुटतो.

आज तर कायद्यानंच पेचात पेच घातलाय. लेखकाच्या पहिल्या पुस्तकात इन्स्पेक्टर 'तीनशे दोन लागणार' म्हणाला असेल, तर दुसऱ्यात त्याला ते सहज म्हणता येत नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत खुनाचं कलम १०३ आहे, आणि ३०२ लागतं ते धार्मिक भावना दुखावल्याबद्दल. हद्दीच्या वादावरही तोडगा आहे: गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो. म्हणजे जिवतीतला लेखकाचा हुकमी घोळ निम्मा तिथेच मिटला.

उरलेला निम्मा आणखी अवघड. खून जून २०२४मध्ये झाला नि प्रेत जुलैत सापडलं, तर कलम जुनंच, ३०२. तपासाची रीत मात्र नवी. आणि मृत्यूची तारीखच जर शेवटच्या प्रकरणात उघड होणार असेल, तर पहिल्या प्रकरणातल्या एफआयआरमध्ये कलम कुठलं घालायचं? हे प्रश्नचिन्ह समासात उमटेपर्यंत पानं लागलेली असतात. चार ओळी वाढल्या तर प्रकरण पुढच्या पानावर सरकतं, सोळा पानांचा फॉर्मा बिघडतो, छापखान्यातून फोनवर फोन. विहिरीपाशी हवालदार अजून उभाच आहे, वही उघडी, कलमाची जागा कोरी.